आधी ओहोटी बघा: कायकोराची सीलवाट पहिल्यांदा चालताना

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, क्राइस्टचर्चपासून उत्तरेला साधारण १८० किलोमीटरवर कायकोरा नावाचं छोटं गाव आहे. बहुतेक लोक तिथे व्हेल बघायला बोटीचं तिकीट काढून येतात, बोटीतून उतरले की जेवतात आणि पुढच्या गावाला निघतात. गावाच्या टोकाशी जो खडकाळ सुळका समुद्रात शिरलाय, तो पायी फिरायला मात्र तिकीट लागत नाही. तिथे रानातले फर सील खडकांवर झोपलेले असतात आणि कड्याच्या पोटात हजारो पक्ष्यांचा कलकलाट चालू असतो. हा लेख त्या वाटेबद्दल आहे, आणि ज्यांनी समुद्रकाठचं असं चालणं आधी कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा हवामान बघितलं होतं, बूट चांगले होते, पाणी होतं. ओहोटीची वेळ मात्र बघितली नव्हती. पोहोचले तेव्हा भरती पूर्ण चढलेली. कड्याखालच्या खडकांवरून जाणारी खालची वाट पाण्यात आणि सील दूरच्या खडकांवर ठिपक्यांसारखे. वरून फिरून आले, तेही छानच होतं, पण ज्यासाठी गेले होते ते निम्मंच झालं. दुसऱ्या दिवशी वेळ साधून गेले, तर तीच जागा ओळखू येईना. म्हणून पहिलं सांगणं हेच: मुक्कामाचा दिवस ठरवायच्या आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडा.

सील इथेच का?

हे आधी समजून घेतलं तर काय बघायचं आणि केव्हा बघायचं, दोन्ही आपोआप कळतं. कायकोराच्या दक्षिणेला, किनाऱ्यापासून अगदी जवळ, समुद्राच्या तळाशी एक दरी सुरू होते. ती हजार मीटरहून खोल जाते. इतकं खोल पाणी सहसा किनाऱ्यापासून फार लांब असतं. इथे ते हाताशी असल्यामुळे थंड आणि उबदार प्रवाह मिसळतात, खालचं सकस पाणी वर येतं आणि माशांपासून माखल्यांपर्यंत सगळ्यांची चंगळ होते. स्पर्म व्हेल इथे बारा महिने दिसतात ते याच दरीमुळे. गावाच्या माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या, नावातही खाणंच आहे: ‘काय’ म्हणजे अन्न आणि ‘कोरा’ म्हणजे तिथला मोठा काटेरी शेवंडा.

न्यूझीलंड फर सील, माओरीत ‘केकेनो’, हे प्रामुख्याने रात्री शिकार करतात. माखल्या आणि छोटे मासे अंधारात वरच्या थरात येतात, त्यांच्या मागे हे जातात. गरज पडली तर २०० मीटरहूनही खोल बुडी मारतात. रात्रभर हे केल्यावर सकाळी खडकावर येऊन आडवे होतात. तुम्हाला दिसतो तो सील आळशी नसतो, रात्रपाळी करून आलेला असतो. त्याला उठवलंत तर तुमचा फोटो होईल, त्याची झोप जाईल आणि पुढच्या रात्रीची शिकार बिघडेल. अंतर राखण्याचे सगळे नियम इथून येतात.

कोणत्या ऋतूत जावं

सील वर्षभर असतात, त्यामुळे ‘सीझन चुकला’ असं होत नाही. तरीही फरक आहे. ऑक्टोबरच्या शेवटापासून मोठे नर आपापली जागा धरून बसायला लागतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत पिल्लं जन्मतात. या दिवसांत नर चिडके असतात, म्हणून अंतर जास्त ठेवायचं. याच सुमारास, साधारण ऑक्टोबर ते जानेवारी, लाल चोचीच्या कुरवांची (सीगलची) वसाहत भरात असते. डिसेंबरात संध्याकाळी नऊपर्यंत उजेड राहतो, तेव्हा ओहोटी दुपारी उशिरा असली तरी चालतं.

मला स्वतःला हिवाळा आवडला. जून-जुलैत दिवस पाचच्या सुमारास संपतो, वारा बोचतो, पण मागच्या सीवर्ड कायकोरा डोंगरांवर बर्फ असतं आणि वाटेवर माणूस क्वचित. हंपबॅक व्हेल याच महिन्यांत उत्तरेकडे जाताना इथून जातात. कड्यावरून एखादा फवारा दिसला तर तुमचं नशीब, त्या भरवशावर जाऊ नका.

आदल्या संध्याकाळी: तीन गोष्टी

ओहोटीची वेळ. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास जातात, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणजे आज ओहोटी सकाळी दहाला असेल तर उद्या पावणेअकराच्या पुढे. दोन दिवस मुक्काम असेल तर सोयीचा दिवस निवडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा जास्त मागे जातं आणि नेहमीपेक्षा जास्त वरही येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा फरक कमी. नवख्या माणसाला वाटतं उधाणाची ओहोटी उत्तम, खडक जास्त उघडे पडतात. खरं आहे, पण परत येणारं पाणीही तेवढंच जोरात येतं.

एक बारीक फसगत इथे होते. न्यूझीलंडमध्ये सप्टेंबरच्या शेवटापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत घड्याळ एक तास पुढे असतं. काही छापील तक्त्यांत प्रमाणवेळच दिलेली असते. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. एका तासाची चूक म्हणजे परतीची वाट पाण्यात.

दुसरी गोष्ट वारा आणि लाटा. मेटसर्व्हिस ही तिथली सरकारी हवामान संस्था, तिचा किनाऱ्याचा अंदाज बघा. दक्षिणेचा वारा फिरला की तासाभरात हवा गार होते आणि सुळक्याच्या दक्षिणेकडच्या साउथ बेच्या बाजूला लाटा फुटायला लागतात. ओहोटी असली तरी दर्या खवळलेला असेल तर खालची वाट विसरा. पाण्याची पातळी तक्त्यात लिहिलेली असते, लाटेची उंची नाही.

तिसरी गोष्ट: मुक्कामाच्या ठिकाणी कुणाला तरी सांगून ठेवा की कुठून कुठे जाणार आणि किती वाजेपर्यंत परत येणार. गावाजवळची वाट आहे, त्यात काय सांगायचं, असं वाटतं. कड्याखाली फोनचा भरवसा नसतो.

पिशवीत काय

फार नाही. प्रत्येकी लिटरभर पाणी, थोडं खाणं, वाऱ्याला अडवणारं जाकीट, टोपी जी वाऱ्याने उडणार नाही. सनस्क्रीन ढगाळ दिवशीही लावा. न्यूझीलंडचं ऊन अंगाला गार लागतं आणि तरी भाजतं, कारण तिथे अतिनील किरणांचं प्रमाण फार असतं. उन्हाळ्यात वीस-पंचवीस मिनिटांत मान लाल होते.

दुर्बीण असेल तर जरूर घ्या, ८ × ४२ सारखी साधी पुरते. माझ्या मते या वाटेवर कॅमेऱ्यापेक्षा दुर्बीण मोलाची. लांबून सीलच्या मिशा दिसतात, डोळ्यांतलं पाणी दिसतं, आणि जवळ जायचा मोह निघून जातो.

बुटांचा तळ खाचांचा हवा. ओल्या चुनखडीवर शेवाळ असतं आणि सपाट तळाचे बूट त्यावर साबणासारखे घसरतात. आता बुटांचाच विषय निघालाय तर: न्यूझीलंडच्या विमानतळावर उतरताना वापरलेले ट्रेकिंगचे बूट अर्जावर लिहावे लागतात. तळाला माती, बिया चिकटलेल्या असतील तर ते धुऊन घ्यायला लावतात. खाण्याच्या वस्तूंचंही तसंच. काही लपवलं किंवा लिहायला विसरलात तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. घरूनच बूट घासून न्या आणि अर्जावर ‘हो’ लिहा, दोन मिनिटांत सुटका होते.

ड्रोन नेऊ नका. समुद्री सस्तन प्राण्यांच्या १५० मीटरच्या आत तो आणता येत नाही, आणि संवर्धन खात्याच्या जमिनीवर उडवायला वेगळी परवानगी लागते. इतकं सांभाळून काही उडवण्याजोगं उरत नाही.

गावातून पॉइंट कीनपर्यंत

दोन पर्याय आहेत. गाडी असेल तर थेट पॉइंट कीनच्या, म्हणजे सुळक्याच्या टोकाच्या, वाहनतळावर जा, तिथे पैसे लागत नाहीत, स्वच्छतागृह आहे. पायी गेलात तर गावातून किनाऱ्याच्या रस्त्याने साधारण तासभर. सगळा फेरा गावापासून गावापर्यंत केला तर बारा किलोमीटरच्या आसपास भरतो. चालणं सव्वातीन तासांचं, पण थांबत, बघत गेलात तर पाच तास धरा. लहान मुलं किंवा गुडघे दुखणारी मंडळी बरोबर असतील तर पूर्ण फेऱ्याचा हट्ट नको, पॉइंट कीनवर सील बघून, वरच्या पहिल्या टेकाडापर्यंत जाऊन परत यावं. तेवढ्यातही दिवस सार्थकी लागतो.

पायी जाणाऱ्यांना रस्त्यात फाइफ हाउस लागतं, गुलाबी रंगाचं लाकडी घर. १८४२ मध्ये रॉबर्ट फाइफने इथे व्हेल मारण्याचं ठाणं उभारलं. या घराचा जुना भाग त्याच काळातला आहे आणि त्याचा पाया म्हणून चक्क व्हेलचे मणके वापरले आहेत. घराच्या आसपास खोदताना १८५० च्या दशकात मोआ या नामशेष झालेल्या महाकाय पक्ष्याचं अंडं सापडलं होतं, ते आता वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे. ज्या गावाने व्हेल कापून पोट भरलं, तेच गाव आता जिवंत व्हेल दाखवून जगतं. १९८७ मध्ये स्थानिक माओरी कुटुंबांनी घरं गहाण टाकून व्हेल दाखवण्याच्या बोटी सुरू केल्या, तेव्हापासून.

पॉइंट कीन: इथे घाई करू नका

वाहनतळावर उतरलात की लगेच खडकांकडे धावू नका. गाडीच्या दाराशीच थांबा आणि आधी आजूबाजूला नीट बघा. सील खडकावरच असतात असं नाही. ते लाकडी पायवाटेखाली, बाकाच्या मागे, गवतात, कधी दोन गाड्यांच्या मधे झोपलेले असतात. कोरडा सील करड्या-तपकिरी दगडासारखा दिसतो. मी एका ‘दगडा’पासून चार पावलांवर उभी राहून दुर्बिणीने लांबचे सील शोधत होते. दगडाने जांभई दिली.

आधी वास येतो. मासळी बाजार आणि ओला कुत्रा यांच्या मधला. वास तीव्र झाला आणि सील दिसत नसेल, तर समजा तुम्ही त्याच्या फार जवळ आहात.

नियम साधे आहेत. सीलपासून किमान २० मीटर लांब राहायचं. हे अंतर डोळ्यांनी कमीच भासतं, म्हणून एकदा वाहनतळावर मोजून बघा: मोठ्या माणसाची पंचवीस-तीस पावलं, किंवा दोन बस एकामागे एक उभ्या केल्यावर होते तेवढी लांबी. पायवाट अरुंद असेल आणि सील तिच्यावरच पहुडला असेल तर त्याला वळसा घाला, तोही जमिनीच्या बाजूने. वळसा शक्य नसेल तर परत फिरा.

सील आणि समुद्र यांच्या मधे कधीच उभं राहायचं नाही. यात चूक झाली तर सगळ्यात महागात पडते. घाबरलेला सील पाण्याकडे पळतो, आणि तुम्ही त्याच्या रस्त्यात असाल तर तुमच्या अंगावरून. फर सीलला मागचे पाय पुढे वळवून चालता येतं, खडकांवर तो माणसापेक्षा चपळ असतो. प्रौढ नराचं वजन ९० ते १५० किलो असतं, मादी ३० ते ५० किलोंची. दात कुत्र्यासारखे आणि चावा लवकर चिघळणारा.

तो अस्वस्थ आहे हे कसं ओळखायचं? डोकं उचलून तुमच्याकडे टक लावून बघणं ही पहिली खूण, तिथेच थांबा. छाती वर काढून उभा राहिला, तोंड उघडून गुरगुरला, तर हळूहळू मागे सरा, पाठ न फिरवता. नुसती जांभई ही जांभईच असते. एक वल्ह्यासारखा पाय हवेत धरून पडलेला सील काही खुणावत नाही, अंगाचं तापमान सांभाळतोय. डोळ्यांतून पाणी वाहतंय म्हणून तो रडत नाही, शिंकतोय म्हणून आजारी नाही. एकटं पिल्लू दिसलं तर ते अनाथ नसतं, आई समुद्रावर खायला गेलेली असते आणि ती काही दिवसांनीही येते. उचलून पाण्यात ठेवणं, अंगावर पाणी ओतणं, खायला देणं यातलं काहीही करू नका. खरोखर जखमी, जाळ्यात अडकलेला किंवा कुणी त्रास देत असलेला सील दिसला तर संवर्धन खात्याचा चोवीस तासांचा क्रमांक आहे: ०८०० ३६२ ४६८. १९७८ च्या समुद्री सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने या प्राण्यांना त्रास देणं गुन्हा आहे, आणि तिथले लोक पर्यटकाला टोकायला कचरत नाहीत. मला एका आजोबांनी अगदी गोड शब्दांत दहा पावलं मागे नेलं होतं.

आता एक युक्ती. जागा निवडा, बसा आणि पंधरा मिनिटं हलू नका. उभा माणूस सीलला मोठा दिसतो, बसलेला तितका नाही. पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाही. मग कुणीतरी कूस बदलतो, शेजाऱ्याला लागतं, दोघं तोंडं उघडून एकमेकांवर धावून जातात आणि पुन्हा झोपतात. एखादा पाण्यातून वर येतो, ओला, काळाभोर, आणि झोपायला जागा शोधत प्रत्येकाच्या शिव्या खात पुढे सरकतो. हे सगळं धावत फोटो काढून निघून जाणाऱ्याला दिसत नाही.

वरची वाट

वाहनतळाच्या मागून चढ सुरू होतो. दहा मिनिटांचा, थोडा दमवणारा. वर आलात की एका बाजूला गाव आणि डोंगर, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र आणि खाली पांढरट-करडी खडकांची सपाट पाटी. पांढरा खडक चुनखडीचा, करडा चिखलापासून झालेला, आणि लाटांनी दोन्ही घासून सपाट केलेत. पहिल्यांदा येणाऱ्याने ही वरची वाटच धरावी असं माझं स्पष्ट मत आहे. ओहोटीची चिंता नाही, रस्ता चुकायची भीती नाही, आणि सगळं एका नजरेत येतं. सील मात्र इथून खेळण्याएवढे दिसतात, म्हणून दुर्बीण.

कुरवांची वसाहत वरून बघायची. लाल चोच, लाल पाय, पांढरं अंग, माओरी नाव ‘तारापुंगा’. न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवरच्या त्यांच्या मोठ्या वसाहतींपैकी ही एक. सगळीकडे दिसतात म्हणून लोक त्यांना बटाट्याच्या काचऱ्या पळवणारे चोर समजतात, पण या पक्ष्यांची संख्या गेल्या काही दशकांत बरीच घटली आहे. मांजरं, उंदीर, स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) अंडी-पिल्लं खातात, आणि समुद्रात त्यांचं मुख्य खाणं, क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव), कमी झालं की घरटी अपयशी ठरतात. विणीच्या दिवसांत वसाहतीजवळ गेलात तर ते डोक्यावर झेप घेतात. टोपी हातात धरून डोक्याच्या वर उंच करा, पक्षी सर्वांत उंच वस्तूवर येतो. आणि मागे फिरा, कारण तो चुकीचा नाही. पालक उडाले की उघडी अंडी दुसराच पक्षी उचलतो. त्यांच्यातच पांढऱ्या कपाळाचे सुरयही बसलेले दिसतील, काळी टोपी आणि दुभंगलेली शेपटी यावरून ओळखता येतात.

पुढे वाटेत एक जाळीचं उंच कुंपण लागतं. आत रिकामं गवत दिसतं आणि लोक ‘इथे काही नाही’ म्हणत पुढे जातात. आत हटन्स शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याची बिळं आहेत. हा पक्षी मुळात जगात फक्त मागच्या सीवर्ड कायकोरा डोंगरांत, १२०० ते १८०० मीटर उंचीवर, बर्फाच्या कडेला बिळं खोदून पिल्लं वाढवतो. सगळी अंडी त्याच डोंगरांच्या भरवशावर नको म्हणून पिल्लं आणून इथे नवी वसाहत वसवली आणि २०१० मध्ये शिकारी प्राण्यांना रोखणारं हे कुंपण घातलं. दिवसा काही दिसणार नाही, पक्षी समुद्रावर असतात. तरी थांबून बघा.

खालून जायचं असेल तर

पॉइंट कीन ते व्हेलर्स बे या पुढच्या छोट्या खाडीपर्यंतचा तुकडा ओहोटीला खडकांच्या पाटीवरून चालता येतो. मी घालून घेतलेला नियम: ओहोटीच्या दीड तास आधी पॉइंट कीनहून निघायचं, म्हणजे पाणी उतरत असताना चालणं होतं, आणि ओहोटीनंतर तासाभरात काहीही झालं तरी व्हेलर्स बेच्या पायऱ्यांनी वर यायचं. परत वरच्या वाटेने. खालूनच जाऊन खालूनच येण्याचा बेत करू नका, परतीला पाणी चढत असतं आणि तुम्ही दमलेले असता.

कड्याच्या अगदी पायथ्याने चालू नका, वरून दगड सुटतात. पाण्याच्या अगदी कडेनेही नको, केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाच्या पट्ट्यांखाली खळगे असतात आणि एखादी मोठी लाट अवचित येते. मधली कोरडी पट्टी धरा. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. दोन सीलगटांच्या मधून वाट जात असेल आणि दोन्हीकडे २० मीटर मिळत नसतील, तर ती वाट त्या दिवशी बंद आहे असं समजा. मी एकदा अशी निम्म्यातून परत आले, मोठा नर पाटीच्या बरोब्बर मधे होता आणि त्याला हलायचं कारण नव्हतं.

ही पाटी पूर्वीपेक्षा रुंद आहे. १४ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री, १२ वाजून २ मिनिटांनी, ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि हा सुळका जवळपास मीटरभर वर उचलला गेला. उत्तरेकडे काही ठिकाणी समुद्रतळ याच्या कितीतरी पट वर आला. पाण्याखालच्या शंखशिंपल्या, केल्प रातोरात उघड्यावर पडून मेले. महामार्ग आणि रेल्वे दरडींखाली गेली आणि मुख्य रस्ता पुन्हा उघडायला डिसेंबर २०१७ उजाडला. त्यामुळे जुन्या नकाशांवर किंवा जुन्या प्रवासवर्णनांत ‘इथे पाणी असतं’ असं लिहिलेल्या जागी आज कोरडा खडक सापडू शकतो.

भूकंपाचं निघालंच आहे तर तिथल्या मुलांनाही पाठ असलेली गोष्ट: धक्का मिनिटभराहून लांबला, किंवा इतका जोरात असला की उभं राहता येईना, तर सायरनची वाट न बघता लगेच उंचावर जायचं, सुनामीच्या भीतीने. म्हणून खालच्या वाटेवर चालताना जवळची पायऱ्यांची जागा कुठे मागे गेली हे लक्षात ठेवा. तातडीच्या मदतीसाठी क्रमांक १११.

साउथ बे आणि परत

व्हेलर्स बेपासून पुढे कड्यावरूनच वाट साउथ बेला उतरते. इथे चालणं सोपं आहे. किनाऱ्यावर गोट्यांची पुळण आहे, तिच्यावर वाट सोडून भटकू नका, विशेषतः वसंत-उन्हाळ्यात. चिखल्यासारखे छोटे पक्षी उघड्या गोट्यांवर अंडी घालतात आणि अंडी दगडांत अशी मिसळतात की पायाखाली आल्यावरच कळतात. लांब लाल चोचीचा काळा पक्षी दिसला तर तो कालवफोड्या. त्याने ओरडा सुरू केला की पिल्लं जवळ आहेत.

साउथ बेहून गावात परतायला टेकडीवरून पाऊण तासाची वाट आहे. गाडी पॉइंट कीनला ठेवली असेल तर इथे येऊन पंचाईत होते, हे आधीच ठरवा. सोपा उपाय: गाडी गावातच ठेवा आणि सगळा फेरा पायी करा, किंवा व्हेलर्स बेपर्यंत जाऊन मागे फिरा.

पिल्लांसाठी खास थांबायचं असेल तर गावाच्या उत्तरेला, सुमारे २५ किलोमीटरवर ओहाऊ पॉइंट आहे. महामार्गाच्या कडेलाच थांबा आहे आणि वरून खालची वसाहत दिसते. तिथे गाडी ठरलेल्या जागीच उभी करा, रस्ता अरुंद आणि ट्रकचा आहे.

आणि मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर गाडीत एक रिकामा पुठ्ठ्याचा खोका ठेवा. शिअरवॉटरची पिल्लं त्या दिवसांत डोंगरावरून पहिल्यांदा समुद्राकडे उडतात, धुक्याच्या रात्री गावाच्या दिव्यांना भुलतात आणि रस्त्यावर पडतात. सपाट जमिनीवरून त्यांना पुन्हा उडता येत नाही, तिथेच गाडीखाली किंवा मांजराच्या तोंडी जातात. असा करडा, कबुतराएवढा पक्षी दिसला तर टॉवेलने हलकेच उचला, खोक्यात ठेवा, झाकण लावा, खायला-प्यायला काही देऊ नका आणि स्वतः समुद्रात सोडायला जाऊ नका. संवर्धन खात्याला फोन करा, पक्षी कुठे नेऊन द्यायचा ते सांगतात.